अण्णांची जीभ आणि कोवळं आलं

तमाम वाचकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येत आहे की जगात माणसांचे दोनच वर्ग आहेत: आलं चाकूने सोलणारे आणि आलं नखाने सोलणारे. पहिल्या वर्गाचं पुढे काय होतं याची चौकशी न केलेली बरी. दुसऱ्या वर्गाला खोकला होत नाही, त्याचं पोट फुगत नाही, त्याच्यामागे कोर्टकचेरी लागत नाही आणि त्याला मल्लेश्वरममध्ये भाड्याने घर मिळतं. यातलं शेवटचं कलम मी अनुभवाने सांगतो. बाकीची कलमं आमच्या घरमालकांची आहेत आणि त्यांच्या हयातीत त्यांना आव्हान द्यायची कुणाची छाती झाली नाही.

घरमालकांना सगळं जग अण्णा म्हणे आणि त्यांच्या बायकोला अक्का. त्यामुळे नव्या माणसाला पहिला महिनाभर ही भावंडंच वाटत. त्यांचा संवाद ऐकला की मग मात्र शंका राहत नसे. नवरा-बायकोशिवाय इतकं मन लावून कोणी भांडत नाही.

तेव्हा मी बंगलोरला एका सरकारी यंत्र-कारखान्यात नुकताच इंजिनिअर म्हणून लागलो होतो. साठ साल अजून उजाडायचं होतं. पुण्याहून बायकोला आणलं होतं आणि लॉजच्या खोलीत तिला स्टोव्हवर भात शिजवताना बघून मॅनेजर रोज माझ्याकडे जास्त जास्त थंड नजरेने बघू लागला होता. कुणीतरी सांगितलं, मल्लेश्वरमला एक मराठी म्हातारे आहेत, पिढ्यान् पिढ्या इथलेच, परसातल्या दोन खोल्या देतात. पण माणूस जरा तऱ्हेवाईक आहे. घर शोधणाऱ्याला तऱ्हेवाईक माणसाची भीती नसते. आम्ही गेलो.

व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत अण्णा बसले होते. उंच, काटकुळे, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. समोर पितळी ताटात आलं. पण ते आम्हाला ठाऊक असलेलं करडं, सुरकुतलेलं आलं नव्हतं. पांढुरकं, तकतकीत, कोंब जिथे फुटतो तिथे गुलाबी, आणि वर हिरव्या देठांचा तुरा तसाच. अण्णांनी भाड्याचं विचारलं नाही, नोकरीचं विचारलं नाही, गोत्राचंही विचारलं नाही.

"तुम्ही आलं कसं खाता?"

"चहात घालतो," मी म्हणालो.

अण्णांनी डोळे मिटले. एखाद्याच्या घरी वाईट बातमी सांगायला गेलेला माणूस मिटतो तसे. "चहात जून आलं. तेही कुटून, मारून." मग त्यांनी माझ्यावर फुली मारल्यासारखं तोंड वळवलं. "आणि तुम्ही, बाई?"

बायको ऐकण्याच्या भानावर नव्हतीच. ताटातला एक तुकडा तिने नकळत उचलला होता आणि अंगठ्याच्या नखाने सालीवरून हलकेच खरवडत होती. साल ओल्या कागदासारखी निघून येत होती. तिने तो तुकडा नाकाशी नेला आणि हसली.

"सरी, ठरलं," अण्णा म्हणाले. "मागच्या खोल्या मोकळ्या आहेत. विहिरीचं पाणी गोड आहे. भाडं अक्का सांगेल." मग माझ्याकडे बोट करून बायकोला म्हणाले, "घर तुम्हाला दिलंय. हे तुमच्याबरोबर राहू देत."

*

अण्णा सर्व्हे खात्यातून निवृत्त झाले होते. उभं आयुष्य मलनाडातल्या डोंगरांत मोजणीच्या साखळ्या ओढत गेलेलं. त्यांना कोवळ्या आल्याचा साक्षात्कार तिथेच झाला. ही कथा मी बऱ्याचदा ऐकली. पावसात वाट चुकलेली, अंगात ताप, पायाला जळवा, आणि रानातल्या एका घरातली म्हातारी. कधी या कथेत हत्ती असे, कधी वाघ असे, अक्का जवळ असली तर दोन्ही नसत. पण शेवट कायम तोच. म्हातारीने कोवळं आलं, ओलं खोबरं आणि जिरं एकत्र वाटलं, ताकात कालवलं, वरून तुपाची फोडणी दिली आणि गरम भातावर वाढलं. तंबुळी म्हणतात तिला. ती पोटात गेली आणि ताप उतरला.

"ताप उतरायचाच होता," अक्का आतून म्हणे. "भात खाल्लं म्हणून उतरला."

"भात मी रोज खातो. ताप रोज उतरतो काय?"

"रोज ताप असतो काय तुम्हाला?"

इथे कथा संपे आणि भांडण सुरू होई.

या साक्षात्कारातून अण्णांचं एक शास्त्रच तयार झालं होतं. त्यांच्या मते जून आलं म्हणजे वैद्य आणि कोवळं आलं म्हणजे पाहुणा. "वैद्याला कोणी हौसेने जेवायला बोलावतो काय?" जून आल्याला धागे असतात, ते दातांशी भांडतं. कोवळ्याला धागाच नसतो, त्याचा तिखटपणा आधी गोड बोलून घरात येतो आणि मग आपलं म्हणणं मांडतो. जेवणाआधी मीठ-लिंबातली एक काडी, म्हणजे भूक स्वतःहून दार उघडते. ताकात किसून, म्हणजे दुपारची झोप जड होत नाही. गुळाबरोबर चटणी, म्हणजे प्रवासात मळमळत नाही. सर्दी, अपचन, सांधे, सगळ्यांवर त्यांच्याकडे आल्याचा एकेक प्रकार होता. आणि सगळ्यांच्या वर एक मुख्य सिद्धांत, जो ते उभं राहून सांगत: "कोवळं आलं खाणाऱ्याची जीभ मरेपर्यंत म्हातारी होत नाही. मला बघा."

आम्ही बघत असू. ते जीभ बाहेर काढूनही दाखवत.

त्यांच्या औषधांचा गुण येई हे नाकारता येणार नाही. आमच्या कारखान्यात माझे एक साहेब होते, त्यांच्याशी माझं रोज वाजे. अण्णांना मी तक्रार सांगितली. त्यांनी मला लिंबात मुरवलेल्या आल्याच्या काड्यांची छोटी बाटली दिली. "साहेब बोलायला लागला की एक काडी जिभेवर ठेवायची. चावायची नाही. ती विरेपर्यंत तोंड उघडायचं नाही." मी तसं केलं. वर्ष संपायच्या आत साहेबांनी माझी बढतीसाठी शिफारस केली आणि लिहिलं की या गृहस्थांच्या स्वभावात लक्षणीय प्रगल्भता आली आहे. अण्णांनी ते आल्याच्या खात्यावर जमा केलं. बायको म्हणाली, तोंड बंद ठेवायला सुपारीही चालली असती. हे तिने अण्णांच्या समोर म्हटलं नाही.

*

पावसाचा जोर ओसरला की मल्लेश्वरमच्या बाजारात कोवळं आलं येई. ते यायच्या सुमारास अण्णा रोज सकाळी छत्री आणि कापडी पिशवी घेऊन निघत. चालताना अजूनही जमीन मोजत असल्यासारखी ढांग टाकत. भाजीवालीसमोर उकिडवे बसून एकेक गड्डा नाकाशी नेत, उन्हाकडे धरत, देठ मोडून पाहत. भाजीवाली कानडीत म्हणे, "अण्णा, विकत घेताय की मुलगी बघायला आलाय?" अण्णा ऐकून न ऐकल्यासारखं करत. मनासारखं आलं मिळालं की घरी येत, देवघरातली घंटा घेऊन विहिरीपाशी उभे राहत आणि ती वाजवून सगळ्या परसाला जाहीर करत, "नाळे ऊटा." म्हणजे उद्या जेवायला यायचं. कोणाला, ते सांगावं लागत नसे.

त्या जेवणाचा एक ठरलेला विधी होता. ओळीने केळीची पानं. प्रत्येक पानाच्या डाव्या कोपऱ्यात आल्याच्या लिंबातल्या काड्या, काडेपेटीतल्या काड्यांइतक्या बारीक आणि सारख्या. त्या आदल्या रात्री अण्णा स्वतः चिरत. लिंबू लागलं की त्यांना आपोआप गुलाबी रंग चढे, आणि दरवर्षी अण्णा तो रंग आपण शोधून काढल्यासारखा सगळ्यांना दाखवत. मग शेजारचे मास्तर, जे पुढे नव्याने वसणाऱ्या राजाजीनगरात राहायला गेले तरी या जेवणाला सायकल मारत येत, ते खाकरून विचारत, "अण्णा, कुठलं?"

अण्णा एक काडी तोंडात टाकत. डोळे मिटत. पंगत थांबे. आणि मग ते गाव सांगत. सकलेशपूर. किंवा मूडिगेरे. एकदा तर म्हणाले, "सोमवारपेट, पण डोंगराच्या उन्हाच्या बाजूचं." खरंखोटं करणारं कोणी नव्हतं. मला तर दाट संशय होता की ते भाजीवालीला आधीच विचारून येत. पण ज्या गंभीरपणे ते सांगत तो बघायला मी पैसे देऊनही गेलो असतो.

एरवी वर्षभर त्या जिभेला काम नसे असं मात्र नाही. ती अक्काच्या स्वयंपाकावर तैनात असे. सकाळी उपीट पानात पडलं की आमच्या खोलीत ऐकू येई.

"मीठ स्वल्प कमी."

"बरोबर आहे मीठ."

"मोहरी करपली."

"करपली नाही, तडतडली. तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून करपली वाटते."

"आणि ही मिरची कालची."

"मी पण कालचीच आहे. खा."

लोकांच्या घरी सकाळी रेडिओ लागे, आमच्या परसात हे लागे. मी त्यावर घड्याळ लावत असे. मोहरीपर्यंत भांडण आलं की बससाठी निघायची वेळ झाली.

आमच्याही घराला त्या जिभेचा प्रसाद मिळाला. बायकोने पहिल्याच आठवड्यात वाटीभर आमटी आणि कोशिंबीर पाठवली. वाट्या घासून परत आल्या, बरोबर अण्णाही आले. "बाई, आमटीत गूळ आहे."

"हो, थोडासा."

"कोशिंबिरीत साखर आहे."

"चिमूटभर घालतोच आम्ही. चव येते."

"काकडीला चव नाही असं तुमचं म्हणणं आहे काय?" अण्णा फार दुखावले होते. त्यानंतर आम्ही त्यांच्या लेखी साखरेची माणसं झालो. बायको काहीही घेऊन गेली की अण्णा आधी विचारत, "किती?" ती अंगठा आणि तर्जनी जुळवून दाखवी. पुढे पुढे ती त्यांना फसवायला लागली. चिमटीचीही चिमूट करी, दह्यात दडवी, तिखटाखाली झाकी. अण्णांना एकदाही फसवता आलं नाही. "आहे," ते पहिल्याच घासाला म्हणत आणि वाटी बाजूला सारत. कोवळं आलं आणि साखर एकत्र आणणं हा तर त्यांच्या राज्यात अक्षम्य गुन्हा होता. आलेपाक सोडून, कारण तो अण्णांना आवडे.

*

एका हिवाळ्यात मल्लेश्वरमभर तापाची साथ आली. बंगलोरची थंडी तेव्हा खरी थंडी होती. आम्ही सगळे झोपलो, अण्णाही झोपले. त्यांनी स्वतःवर आल्याचे इतके काढे केले की परसातल्या मांजरालाही घाम फुटला. ताप गेला. अण्णा उठले, कोटाची बटणं लावून जेवायला बसले. पहिला घास घेतला आणि म्हणाले, "छान झालंय."

आम्ही सगळ्यांनी हे ऐकलं. ऐकून सगळ्यांना आनंद झाला. दुसऱ्या दिवशी उपीट छान, तिसऱ्या दिवशी सार छान. मास्तर म्हणाले, आजारपणाने माणूस निवळतो. मी बायकोला म्हणालो, बघ, म्हातारपणी का होईना, नवरे सुधारतात. आमच्या परसात सकाळी इतकी शांतता पसरली की माझी बस दोनदा चुकली.

आनंद झाला नाही तो एकट्या अक्काला. एके दिवशी दुपारी ती आमच्या उंबरठ्यावर येऊन बसली. अक्का कधी कुणाच्या दारात बसलेली मी पाहिली नव्हती. त्या दिवशी सुट्टी होती, मी आत पेपर वाचत होतो. ती बायकोला म्हणाली, "आज उपिटात मीठ घातलं नाही."

"विसरलात?"

"मुद्दाम घातलं नाही. दोनदा मागून खाल्लं. छान म्हणाले." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत राहिली. "काल बरणीतलं आंबेहळदीचं लोणचं वाढलं, आलं म्हणून. बंद डब्यातून वास घेऊन ज्या माणसाला आंबेहळद कुठली आणि आलं कुठलं ते कळायचं, तो म्हणाला, छान मुरलंय आलं."

बायको तिच्याजवळ जाऊन बसली.

"त्यांना चव कळत नाही गं पोरी. वास पण नाही. आणि सांगत नाहीत. इतकी वर्षं उठल्यापासून झोपेपर्यंत मीठ नाही, तिखट नाही, हे जळलं, ते कच्चं. आमचं बोलणं म्हणजे तेच होतं. दुसरं आम्ही काय बोललो कधी? आता म्हणतात छान. छान म्हटल्यावर माणसाने पुढे काय बोलायचं? माझ्याशी बोलणंच बंद झालंय त्यांचं."

मी पेपर खाली ठेवला. चेष्टा करायची सवय असलेल्या माणसाला अशा वेळी हातांचं काय करावं ते कळत नाही.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना मी गुपचूप विचारून आलो. ते म्हणाले, अशा तापानंतर होतं कधी कधी. येईल परत. किंवा नाही येणार. औषध नाही. अण्णांना तपासायला घेऊन या म्हणाले. पण अण्णा कोणत्या तोंडाने जाणार होते? आलं खाणाऱ्याची जीभ म्हातारी होत नाही हे त्यांनी त्या डॉक्टरांनाही जीभ काढून दाखवलेलं होतं.

अण्णा मात्र चलाख. आमच्या चेहऱ्यांवरून त्यांना काहीतरी सुगावा लागला असावा. एका सकाळी अचानक आवाज आला, "मीठ जास्त." मी आनंदाने दाढीचा ब्रश टाकून बाहेर आलो. स्वयंपाकघराच्या दारात अक्का उभी होती. ती म्हणाली, "हो, जरा जास्तच पडलं." आणि पदर डोळ्याला लावून आत गेली. त्या दिवशीही तिने मीठ घातलेलं नव्हतं. पुढे रोज तेच. "मीठ जास्त." "हो, पडलं खरं." भांडणाचा नुसता सांगाडा उरला होता. रोज तो दोघं मिळून उभा करत आणि रोज तो कोसळे.

एकदा संध्याकाळी पाणी काढायला विहिरीवर गेलो तर पलीकडच्या बाजूला अण्णा पाठमोरे उभे दिसले. त्यांच्या हातात आल्याचा तुकडा होता. जून आलं, धाग्यांचं, ज्याला ते कधी तोंड लावत नसत. त्यांनी तो तुकडा अख्खा चावला, डोळे मिटले आणि लांबून कुणाची हाक येते का ते ऐकत असल्यासारखे उभे राहिले. बराच वेळ. मग चोथा झाडाच्या बुंध्याशी थुंकले. मी रिकामी बादली घेऊन परत आलो. आयुष्यात पहिल्यांदा अण्णांवर काही विनोद सुचला नाही.

*

उन्हाळा तसाच गेला, पाऊसही सरला. बाजारात कोवळं आलं आलं, हे सगळ्या मल्लेश्वरमला कळलं, अण्णांना कळलं नाही. त्यांची छत्री खुंटीवरच. मास्तरांनी भेटायला येऊन विचारलं तर म्हणाले, "यंदाचं आलं बरोबर नाही. पाऊस विचित्र झाला."

त्या संध्याकाळी घंटा वाजली. आम्ही बाहेर आलो. विहिरीपाशी अक्का उभी होती, एका हातात देवघरातली घंटा, दुसऱ्या हातात आल्याची जुडी, हिरव्या तुऱ्यांसकट. बाजारात जाऊन ती स्वतः घेऊन आली होती. "नाळे ऊटा," ती म्हणाली. व्हरांड्यातल्या खुर्चीत अण्णा कोटाच्या बटणांशी चाळा करत राहिले.

बायको तिला म्हणाली, "अक्का, कशाला? सगळ्यांसमोर त्यांना विचारतील, कुठलं म्हणून."

"विचारू देत. जेवण नाही घातलं तर अख्ख्या गल्लीत विचारतील, का नाही म्हणून. भाजीवालीकडून मी विचारून घेतलंय, मूडिगेरेचं आहे. वाढताना कानात सांगेन. ते सांगतील. झालं."

त्या रात्री आलं चिरायला अण्णा बसले नाहीत. अक्काने चिरलं. तिच्या काड्या जाड झाल्या, आणि सकाळी घाईत तिचा अंगठा तव्याला भाजला. भाजल्या अंगठ्याने लिंबू कसं पिळणार? तिने बायकोला हाक मारली आणि आपण साराकडे वळली.

पंगत बसली. मास्तर सायकलवरून येऊन घाम पुसत बसले. अण्णा मधल्या पानावर, ताठ, फोटो काढायला बसल्यासारखे. बायको कोसंबरी, म्हणजे इकडची कोशिंबीर, वाढत माझ्यापर्यंत आली, वाकली आणि ओठ न हलवता म्हणाली, "अहो, घात झाला."

"काय?"

"काड्यांवर लिंबू पिळलं, मीठ घातलं, आणि हात सवयीने साखरेच्या डब्यात गेला. चिमूटच. घातल्यावर लक्षात आलं."

"अक्कांना सांगितलंस?"

"कधी सांगू? पानांवर वाढून झालं." मग ती सरळ होता होता म्हणाली, "तसं आता कळणार कुणाला म्हणा." आणि हे आपल्याच तोंडून निघालेलं ऐकून तिचे डोळे एकदम भरले. ती घाईने पुढच्या पानाकडे गेली.

सार वाढत वाढत अक्का अण्णांपाशी आली. पळी जरा जास्तच वेळ त्यांच्या पानावर राहिली. तिचे ओठ हलले. अण्णांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग होता, लाज होती, आणि आणखीही काही होतं, ज्याच्याकडे आम्ही भाडेकरूंनी बघायला नको होतं. मग त्यांनी मान खाली घातली. त्यांनी मदत घेतली होती.

मास्तरांनी नेहमीप्रमाणे खाकरून घेतलं. "अण्णा, कुठलं?"

पंगत थांबली. अण्णांनी एक काडी उचलली, उजेडाकडे धरली. ती गुलाबी झाली होती. ती जिभेवर ठेवली आणि डोळे मिटायचेही कष्ट न घेता, पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसं बोलायला सुरुवात केली. "मूडि—"

आणि थांबले.

त्यांचा जबडा हलला. एकदा. थांबला. पुन्हा हळूच हलला. आता त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, गाव विसरले. अक्कालाही तेच वाटलं असावं. ती परत एक पाऊल पुढे आली. अण्णांनी पानावरून आणखी एक काडी घेतली, मग आणखी दोन, आणि त्यांचा चेहरा कपाळापासून खाली लाल होत गेला. मी उभ्या आयुष्यात एवढा संतापलेला आणि एवढा सुखी चेहरा एकाच माणसाचा पाहिलेला नाही.

"साखर," अण्णा म्हणाले. आवाज चिरकला. त्यांनी घसा साफ केला आणि आता परसातल्या शेवटच्या खोलीपर्यंत पोचेल अशा आवाजात विचारलं, "लिंबातल्या आल्यात साखर कोण घातलंय?"

बायको कबूल करायला तोंड उघडणार एवढ्यात अक्का मध्ये आली. तिने साराचं भांडं खाली ठेवलं, नवऱ्यासमोर, अगदी पानाला गुडघा लागेल अशी बसली. गालांवरून पाणी वाहत होतं ते तिने पुसलं नाही. भाजलेला अंगठा तसाच वर धरून ती सगळ्या पंगतीच्या देखत म्हणाली, "मी घातली. बोला आता, काय बोलायचंय ते."